सहा श्वासांचं एक पळ: निसटणाऱ्या दिवसांना धरून ठेवण्याची रीत

गेल्या जूनमध्ये मुलीला पुण्याला शिकायला पाठवलं. पहाटे सोलापूर स्टेशनवर हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवून दिलं, गाडी हलली, आणि परत येताना स्कूटरवर एकच प्रश्न डोक्यात घोळत होता: हिचं नववीचं वर्ष कसं गेलं? मला काही आठवेना. दहावीचा निकाल आठवतो. पहिलीच्या वर्गात सोडलं तेव्हा तिने माझं बोट सोडलं नव्हतं, तेही आठवतं. नववी मात्र सगळी गायब. मी काही परगावी नव्हतो, रोज संध्याकाळी तिला क्लासवरून आणत होतो. रोज ती मागे बसून काही ना काही बोलली असणार. त्यातलं एक वाक्यही माझ्याजवळ शिल्लक नव्हतं.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. रोजकीर्दीत एका दिवसाची नोंद राहिली तर संध्याकाळी पाय घराकडे वळत नाही. आणि इथे स्वतःच्या घरातलं अख्खं वर्ष कोरं निघालं. त्या रात्री झोप लागली नाही. त्यानंतर जे वाचलं, करून पाहिलं, चुकलं, पुन्हा केलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. याला हल्ली माइंडफुलनेस म्हणतात. मराठीत सजगता हा शब्द रुळला आहे, तोच मी वापरतो.

सुरुवातीला एक कागद

काहीही सुरू करण्याआधी एक कोरा कागद घ्या. मागच्या आठवड्यातला मंगळवार आठवा आणि त्या दिवशीचं जे आठवेल ते लिहा. ‘नेहमीप्रमाणे ऑफिसला गेलो असणार’ हे आठवणं नव्हे, तो तर्क झाला. कुणाशी काय बोललात, डब्यात कोणती भाजी होती, आभाळ कसं होतं, कुठला आवाज कानावर आला, असं काही आठवतं का पाहा. माझी पहिल्या वेळी एकच ओळ झाली: ‘पगारपत्रक केलं.’ कागदावर तारीख टाका आणि कपाटात ठेवून द्या. आठ आठवड्यांनी तो लागेल.

वेळेची दोन घड्याळं

‘वेळ कसा गेला कळलंच नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबतो. एक, वेळ चालू असताना तो कसा वाटला. दोन, मागे वळून पाहताना तो केवढा वाटतो. ही दोन घड्याळं बहुतेक वेळा उलट चालतात. बँकेत पासबुक भरायच्या रांगेत पाऊण तास उभे राहिलात तर तो संपता संपत नाही, पण महिन्याभराने त्या पाऊण तासाचा मागमूस राहत नाही. उलट पंढरीच्या वारीत चार दिवस चालून या. दिवस भराभर सरतात, आणि घरी आल्यावर वाटतं, निघून महिना तरी झाला असेल.

मागे पाहणारं घड्याळ आठवणींवर चालतं. त्याचा सगळ्यात लख्ख दाखला मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाचा. १९६२ साली आल्प्स पर्वतातल्या एका गोठलेल्या गुहेत तो घड्याळाशिवाय, सूर्यप्रकाशाशिवाय सुमारे दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. तोच अंधार, तोच तंबू, तेच खाणं. एकसारखे दिवस एकमेकांवर चिकटले आणि त्याच्या खात्यातून पंचवीस दिवस उडाले. माझ्या लेकीची नववी अशीच उडाली. फरक एवढाच की माझ्या गुहेत ट्यूबलाइट होती.

दुसरा दाखला २००७ सालचा. अमेरिकेतल्या डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळीत सोडलं. स्वतःचं पडणं त्यांना इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त वेळ चाललं असं वाटलं. पण पडताना मनगटावरच्या यंत्रावरचे भराभर बदलणारे आकडे त्यांना एरवीपेक्षा जास्त स्पष्ट वाचता आले का? नाही. म्हणजे डोळ्यांपुढचा काळ खरोखर संथ झाला नव्हता. त्या क्षणांची आठवण दाट साठली, आणि दाट आठवण लांब वाटते.

चालू घड्याळावर सजगतेचा परिणाम होतो का? इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. काही जणांना दहा मिनिटं श्वासावर लक्ष ठेवायला लावलं, काहींना तेवढा वेळ ध्वनिमुद्रित पुस्तक ऐकवलं. आधी आणि नंतर त्यांना छोटे कालावधी ओळखायला दिले. श्वासावर बसलेल्यांना नंतर तेच कालावधी आधीपेक्षा लांब वाटले. फरक मोठा नव्हता, आणि एका प्रयोगावरून आकाशपाताळ एक करू नये. पण दिशा कळते.

म्हणून खाली दोन्ही प्रकारचं काम आहे. दिवस चालू असताना त्यात हजर राहायचं, आणि रात्री त्याची नोंद टाकायची. नुसतं पहिलं केलं तर दिवस बरा जातो, पण साठत नाही. नुसतं दुसरं केलं तर वहीत लिहायला काही नसतं.

पहिला आणि दुसरा आठवडा: पळ

‘पळभर थांब’, ‘घटकाभर टेक’ असं आपण सहज म्हणतो. ही एके काळी नेमकी मापं होती. दिवसाच्या साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. घटकेची साठ पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यावर घटिकापात्र सोडत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी भरून बुडाली की घटका झाली. आणि जुन्या ज्योतिषगणितात पळाचेही सहा भाग केलेले आहेत. त्या भागाचं नाव प्राण. स्वस्थ माणसाच्या एका श्वासाला लागणारा वेळ, चार सेकंद. सहा श्वासांचं पळ, ३६० श्वासांची घटका, २१,६०० श्वासांचा अहोरात्र. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहिलं. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

तर पहिला सराव एवढाच: एक पळ. सहा श्वास.

पाय जमिनीवर टेकवा. खांदे सोडा. श्वास मुद्दाम लांबवू नका, रोखू नका, जसा येतो तसा येऊ द्या आणि नाकपुडीच्या कडेशी तो जाणवतो का पाहा. आत-बाहेर झाला की मनात ‘एक’. पुन्हा आत-बाहेर, ‘दोन’. सहापर्यंत. मध्येच मन दुसरीकडे गेलं तर आठवेल त्या आकड्यापासून पुढे चला, पहिल्यापासून मोजायची शिक्षा स्वतःला देऊ नका.

नाकपुडीशी काय जाणवतं तेही सांगतो, कारण ‘श्वास पाहा’ म्हटल्यावर नेमकं काय पाहायचं हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. डिसेंबरच्या सकाळी आत येणारी हवा गार असते आणि बाहेर जाणारी कोमट. सगळीकडे असंच लिहिलेलं असतं. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता कारखान्याच्या दारात उभं राहून मी सहा श्वास मोजले आणि उलटंच निघालं. बाहेर ४३ अंश. आत येणारी हवा चटका देत होती आणि बाहेर जाणारी त्यापेक्षा गार होती, कारण शरीर ३७ अंशांचंच असतं. पन्नास उन्हाळे या गावात काढले आणि हे माझ्या नाकाला कधी कळलं नव्हतं. ती दुपार आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे: दारातला टेम्पो, हमालाच्या डोक्यावरचा ओला पंचा, गठ्ठ्यांना येणारा कोऱ्या सुताचा वास.

दिवसातून सहा वेळा करा. वेळ लक्षात ठेवू नका, खुंट्या ठरवा, म्हणजे रोज होणाऱ्याच कामांना पळ अडकवून द्या. माझ्या खुंट्या अशा आहेत: स्कूटरला किल्ली लावण्याआधी, कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत, डबा उघडण्याआधी, चार वाजताचा चहा हातात आल्यावर, घराची कडी वाजवण्याआधी आणि दिवा मालवल्यावर. कडी वाजवण्याआधीचं पळ सगळ्यात मोलाचं. त्या सहा श्वासांत कारखाना दाराबाहेर राहतो.

सात रस्ता चौकाच्या सिग्नलला थांबलात तर डोळे उघडे ठेवूनच करा, आणि गाडी चालू असताना अजिबात नको. तेव्हा रस्त्यावर लक्ष असणं हीच सजगता.

एकदा स्टॉपवॉच लावून पाहा. कामाच्या धबडग्यात माझे सहा श्वास बावीस सेकंदांत होत होते. दोन आठवड्यांनी, श्वास न लांबवता, छत्तीस लागले. पळच मोठं झालं.

तिसरा आठवडा: पहिले तीन घास

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा एक वर्ग सुरू केला. पुढे तो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून जगभर गेला. त्यातला एक प्रसिद्ध पाठ म्हणजे एकच बेदाणा सावकाश खाणं. पाहणं, चाचपणं, हुंगणं, जिभेवर ठेवणं, मग चावणं. पंढरपूर आणि सांगलीकडच्या बेदाण्याला आपल्याकडे तोटा नाही, तोही चालेल. पण मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेतली, कारण ती रोज ताटात असते.

पद्धत अशी. ताट पुढ्यात आलं की फोन दुसऱ्या खोलीत. सगळं जेवण सावकाश करायचं व्रत घेऊ नका, दोन दिवसांत मोडेल. फक्त पहिले तीन घास.

पहिला घास कानाने खा. ज्वारीची कडक भाकरी मोडताना येणारा कट्‌ आवाज, मग दाताखालचा चुरचुर, मग तो ओला होत होत विरतो तो क्षण. दुसरा घास नाकाने. चटणी तोंडाजवळ नेऊन थांबा. भाजलेला शेंगदाणा आधी येतो, लसूण मागून, आणि तिखट सगळ्यात शेवटी, नाकाच्या आत वर. तिसरा घास जिभेने. उखळात कुटून तेल सुटलेली चटणी आधी गोडसर लागते, मीठ नंतर कळतं, आणि तिखटाचा जाळ जिभेवर नाही, घशाच्या तोंडाशी पेटतो. गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते तेही पाहा. माझ्या तोंडात ती जवळजवळ तीन पळं राहते.

नवव्या दिवशी मी बायकोला विचारलं, “आज लसूण वेगळा लागतोय का गं?” ती म्हणाली, “अहो, चार महिने झाले, मी तो आधी तव्यावर भाजून घेते.” चार महिने मी ती चटणी रोज खात होतो.

जानेवारीत शेतात हुरडा खायला गेलात तर हाच सराव तिथे करा. आरातून काढलेलं कणीस तळव्यावर चोळताना हाताला बसणारा चटका, फुंकर मारल्यावर उडणारं कोंडं, आणि पहिल्या मुठीतला दुधाळ गोडवा. सगळी मंडळी गप्पांत असतात, म्हणून तीनच घास आपले ठेवायचे, पुढचे त्यांच्याबरोबर.

चौथा आठवडा: आवाजात बसणं

‘आमच्याकडे शांतता कुठे आहे?’ हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. सोलापुरात तो रास्तच आहे. पूर्व भागात भिंतीला भिंत लागून यंत्रमाग चालतात. पण शांतता लागत नाही, हे मला एका विणकर अण्णांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे त्यांनी काही सांगितलं नाही, मी फक्त पाहिलं.

बिलाच्या कामासाठी त्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. चादरीचे माग एकाच वेळी खडखडत होते. माझ्या कानांना तो एकच गोंगाट होता. अण्णा माझ्याशी बोलता बोलता थबकले, वळले, मागच्या ओळीतल्या एका मागाशी गेले आणि तो बंद केला. उभा धागा तुटला होता. त्यांनी तुटलेलं टोक शोधलं, बोटावर ओलं करून गाठ मारली, फणीतून ओढून घेतलं आणि माग पुन्हा सुरू केला. मी विचारलं, “कसं कळलं?” ते म्हणाले, “आवाज बदलला की.” ज्या खडखडाटात माझ्यासारखा माणूस दहा मिनिटांत वैतागतो, त्यात चाळीस वर्षं काढलेल्या अण्णांना प्रत्येक माग वेगळा ऐकू येतो.

सराव: दिवसातून एकदा, पाच मिनिटं, जिथे असाल तिथे डोळे मिटून किंवा नजर खाली ठेवून आवाज मोजा. आधी सगळ्यात लांबचा: रेल्वेचा भोंगा, मशिदीतली अजान, सिद्धेश्वरच्या देवळातली घंटा. मग मधला: रिक्षा, भाजीवाला, शेजारचा टीव्ही. मग जवळचा: पंखा, कपड्याची सळसळ, स्वतःचा श्वास. आवाजाला ‘त्रास’ असं नाव द्यायचं नाही. तो कुठून येतो, केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, एवढंच. आमच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी उर्दू अशा चारही भाषा कानावर पडतात. शब्द न पकडता नुसती लय ऐकली तर चार वेगवेगळी वाद्यं वाजल्यासारखी वाटतात.

पाचवा आठवडा: घटकाभर बैठक

आता बसायचं. लगेच घटकाभर नको. पहिले तीन दिवस पाच मिनिटं, मग दहा, आठवड्याच्या शेवटी जमलं तर २४. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला गच्चीवर, एरवी घरात पंख्याखाली. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. पाठ ताठ, पण ताणलेली नको. अलार्म लावा आणि फोन पालथा ठेवा. किती झाले हे पाहायचं नाही. घड्याळाकडे लक्ष दिलं तरीही वेळ लांबतो, पण तो रांगेतल्यासारखा लांबतो, आणि तसली लांबी आपल्याला नको आहे.

करायचं तेच, श्वास पाहायचा. विपश्यनेत यालाच आनापान म्हणतात. इगतपुरीच्या केंद्रात दहा दिवस मौनात राहून जे शिकवतात त्याची सुरुवात याच्यापासून होते. ज्यांना सवड आहे त्यांनी ते शिबिर जरूर करावं. मला रजा मिळाली नाही, म्हणून मी गच्चीवर बसलो.

काय होईल ते आधीच सांगतो. दहाव्या-बाराव्या श्वासाला मन जाईल. गॅसचा नंबर लावायचा राहिला, जीएसटीची तारीख जवळ आली, अमका त्या दिवशी असं का बोलला. मन गेलं हे लक्षात आलं की मनात फक्त ‘विचार’ असं म्हणा आणि पुढच्या श्वासावर या. चिडू नका. परत येणं हाच व्यायाम आहे. विटी कोलून परत आणावी तसं शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा आणायचं. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडा, तरीही येत असेल तर रात्रीची झोप कमी पडते आहे, आधी ती भरा. पायाला मुंग्या आल्या तर दोन श्वास त्या मुंग्यांकडे पाहा, मग खुशाल पाय हलवा.

कंटाळा येईल, हे नक्की. कंटाळा आला की मी त्याची जागा शोधतो. माझा कंटाळा जबड्यात बसतो, दात आवळलेले असतात. ते सैल सोडले की पुढची पाच मिनिटं सहज जातात.

सहावा आठवडा: चाल आणि वाट

सकाळी फिरायला जाणाऱ्यांना वेगळा वेळ काढायला नको. मी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालतो. एका बाजूला पाण्याच्या मधोमध देऊळ, दुसऱ्या बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी. तिथली शंभर पावलं मी मोजून सावकाश टाकतो: टाच टेकली, तळवा टेकला, बोटं उचलली. पहिल्या दिवशी मित्र म्हणाला, “काय बे, पाय मुरगळला का?” आता तोही शंभर पावलं गप्प चालतो. त्या शंभर पावलांत काय दिसतं ते रोज वेगळं असतं. कधी पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा, कधी पायरीवर उमटून लगेच सुकणारे कुणाचे तरी ओले पाय.

याच आठवड्यात वाट बदला. रोज ज्या रस्त्याने कामाला जाता त्याऐवजी आठवड्यातून दोनदा दुसरा रस्ता घ्या, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालेल. आणि महिन्यातून एक रविवार एखाद्या अशा जागी जा, जिथे कधी गेला नाहीत किंवा वीस वर्षांत गेला नाहीत. माणसाचं वय वाढतं तसे दिवस पळतात, त्याचं एक मोठं कारण हेच असावं की नवं काही घडेनासं होतं. लहानपणी मे महिन्याची सुट्टी संपता संपत नसे, कारण पोहणं, सायकल, आजोळ सगळंच पहिल्यांदा होत होतं.

आम्ही गेल्या हिवाळ्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला गेलो. तिथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधला शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. आणि अंगभर चेहरे कोरलेलं शिवलिंग आहे. लोक येतात, फोटो काढतात, निघतात. मी बायकोला म्हटलं, एकच चेहरा निवडू आणि तीन पळं त्याच्याकडे पाहू. अठरा श्वास. पहिल्या पळात तो नुसता दगड होता. दुसऱ्यात ओठांची ठेवण दिसली. तिसऱ्यात कळलं की शेजारच्या चेहऱ्याची मुद्रा निराळी आहे. त्या दिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही, आणि तो दिवस मी आजही तासभर सांगू शकतो.

गर्दीतही हे होतं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांना निघतात तेव्हा आपण सगळीकडे एकदम पाहायला जातो. एक वर्ष एकच गोष्ट धरा. मी गेल्या खेपेला फक्त काठी पेलणाऱ्यांचे हात पाहिले. पांढऱ्या बाराबंदीच्या बाहीतून निघालेली मनगटं, तोल जाऊ लागताच आवळणारी बोटं, आणि काठी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दोघांच्या नजरेत होणारं बोलणं.

फोनबद्दल थोडंसं

रील्स पाहताना तास पळतो आणि आठवत काहीच नाही. म्हणजे दोन्ही घड्याळांवर तोटा. फोन सोडून द्या असं मी म्हणणार नाही, माझं निम्मं काम त्यावर चालतं. तीन नियम पुरतात. उठल्यावर पहिला अर्धा तास नाही. ताटावर नाही. आणि सहज हात गेला तर अनलॉक करण्याआधी एक पळ. सहा श्वासांनंतरही काम आठवत असेल तर खुशाल उघडा. बहुतेक वेळा आठवत नाही.

सातव्या आठवड्यापासून रोज: रात्रीची रोजकीर्द

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. शंभर पानी वही आणा. झोपण्याआधी तीन नोंदी, प्रत्येकी एक ओळ: आज काय ऐकलं, काय पाहिलं, कोण भेटलं. ‘छान दिवस’, ‘खूप काम’ असलं लिहायचं नाही. रोजकीर्दीत आपण ‘बराच खर्च झाला’ असं लिहितो का? रक्कम लिहितो, नाव लिहितो. तसंच इथे. कुणी म्हटलेलं वाक्य शब्दशः. रंग असेल तर नेमका कुठला. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

ऐकलं: गच्चीवर पहिल्या पावसाचे थेंब पत्र्यावर, सुटे सुटे, मोजता येतील असे.
पाहिलं: विड्या वळणाऱ्या शेजारच्या आजींच्या सुपात तेंदूची पानं, कातरीने कापलेली, सगळी एका मापाची.
भेटलं: वॉचमन. म्हणाला, “साहेब, नातू झाला. माझ्यासारखाच काळा आहे.”

लिहायला सहा-सात मिनिटं लागतात. आणि दोन आठवड्यांत एक गंमत होते: रात्री लिहायचं आहे हे माहीत असल्यामुळे दिवसा डोळे आणि कान आपोआप उघडे राहतात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिल्लक काढा, म्हणजे सगळ्या नोंदी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना त्यात आपली वाक्यं सापडतात. माझी बायको आता तिच्या वेगळ्या ओळी सांगते आणि मी त्या लिहून घेतो.

कुणी जपून करावं

दुःखाचा घाला ताजा असेल किंवा नैराश्य असेल तर वेळ आधीच जड झालेला असतो. तो आणखी लांबवायचा नसतो. अशा वेळी डोळे मिटून बसल्याने कुणाकुणाला घुसमट वाढल्यासारखी वाटते. तसं झालं तर बैठक सोडा, डोळे उघडे ठेवून चालण्याचा किंवा घासाचा सराव करा, आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. औषधं चालू असतील तर त्यांच्या जागी हे करू नका.

आठव्या आठवड्याचा कागद

आता कपाटातला पहिला कागद काढा, पण वाचू नका. नवा कागद घ्या, पुन्हा मागच्या आठवड्यातला मंगळवार आठवा आणि वही न उघडता लिहा. झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्यापेक्षा दोन ओळी जास्त आल्या तरी सराव लागू पडतो आहे असं समजा. काहीच फरक नसेल तर बहुतेक रात्रीच्या नोंदी राहिल्या असतील. तेवढ्याच एका गोष्टीवर पुढचे दोन आठवडे घालवा.

माझा दुसरा कागद पाठपोट भरला. त्यात सकाळी तलावावरचं धुकं होतं, एका बिलातली सतरा रुपयांची चूक होती, डब्यातली शेपूची भाजी होती. आणि रात्री नऊला आलेला मुलीचा फोन होता. मागे होस्टेलच्या मेसमधला भांड्यांचा आवाज येत होता, आणि ती म्हणाली होती: “अप्पा, पुढच्या वेळी कडक भाकरी पाठवा, मऊ नको. मऊ संपते. कडक मी पुरवून पुरवून खाते.”